शून्य होईपर्यंत

२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज जहाजावर टपालाच्या पिशवीतून मिळालं. डॉक्टर आईचा जेमतेम महिना सांगतात आणि माझा करार संपायला पाच महिने आहेत. सुट्टी मागितली, तर बदली माणूस मिळेपर्यंत नाही म्हणाले. आता एकच मार्ग आहे. १६ तारखेला जहाज परत इथे लागेल, तेव्हा तिला घेऊन बंदरावर ये.

त्या दिवशी काय असतं ते सांगतो, म्हणजे तुझी धांदल उडणार नाही. एक सफर संपते आणि त्याच दिवशी दुसरी सुरू होते. नवापर्यंत जुने प्रवासी उतरतात, बाराला नवे चढतात. मधल्या वेळात मी अठरा खोल्या लख्ख करतो. पुढच्या सफरीलाही थांबणाऱ्यांना तेवढ्यापुरतं उतरावंच लागतं. खोली रिकामी दिसली की मी यादीत खूण करतो. प्रवाशांचा आकडा शून्य झाल्याशिवाय आम्हाला शिडी उतरता येत नाही. मला अकरा ते पावणेबारा मिळतील. डाव्या फाटकाशी थांबा.

आईला सांग, घरी ज्याने कधी स्वतःच्या पांघरुणाची घडी घातली नाही, तो इथे रोज छत्तीस उशा झटकतो.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

उशांचं ऐकून आई इतकी हसली की खोकल्याची उबळच आली. शेजारच्या शिंपीणबाईंनी चाकांची खुर्ची दिलीय. एक चाक तेल घालूनही कुरकुरतं. आई रोज दहा मिनिटं खुर्चीत बसून सराव करते, मी ढकलते, आणि मग दोघी दमून पडतो.

खोटं कशाला सांगू, माझा जीव थाऱ्यावर नाही. तिचं अन्न चार चमच्यांवर आलंय. चार तासांचा प्रवास झेपेल का विचारलं, तर डॉक्टरांनी नुसतं खोकल्याचं औषध लिहून दिलं. पण तिने हट्ट धरलाय. हे पत्र तुला त्याच सकाळी मिळेल, तेव्हा आम्ही वाटेत असू. उशीर करू नकोस रे.

तुझी,
ताई

१६ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडाने लिहू? आज सगळ्यांना अडकवलं ते मीच.

तुझं पत्र वाचून हातपाय नुसते पळत होते. चारशे बारा नंबरच्या खोलीत डोकावलो, पलंग मोकळा दिसला, खूण केली. न्हाणीघराचं दार उघडून बघितलं नाही. अकराला शिडीवर मोजणी झाली तर एक प्रवासी उतरलेला नव्हता. रिकाम्या म्हणून खूण झालेल्या खोल्या सोडून सगळं जहाज पालथं घातलं. सव्वाबाराला एक म्हातारी मी न उघडलेल्या त्याच न्हाणीघरात सापडली. मांडीवर पर्स घेऊन बसली होती. पुढच्या सफरीचं तिकीट होतं तिच्याकडे, पण एकदा उतरले तर परत घेणार नाहीत, अशी भीती तिला वाटली होती.

वरच्या खिडकीतून मला फाटकाशी एक खुर्ची दिसत होती. चेहरा दिसला नाही. नवे प्रवासी लगेच आले आणि मी दाराशी हसत उभा राहिलो. मला स्वतःची शिसारी आली.

तुम्ही किती वेळ थांबलात? ३० तारखेला मी सगळ्यांच्या आधी उतरतो, आईला तेवढं धरून ठेव.

तुझा,
धाकटा

२५ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

आम्ही दोनपर्यंत थांबलो. कोणत्या खिडकीत तू असशील ते कळेना, म्हणून आई प्रत्येक खिडकीकडे हात हलवत होती. हात दुखायला लागल्यावर तिने मला हलवायला लावला.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. त्या म्हातारीला परत घेतलं ना, तुला बोलणी तर बसली नाहीत ना, एवढंच तिने विचारलं.

२१ तारखेला सकाळी आई गेली. तुमच्या कचेरीत फोन केला, तर जहाज समुद्रात असताना अशा बातम्या देत नाही म्हणाले. म्हणून ही चिठ्ठी. तुमच्याकडे एक माणूस मोजणीत चुकलं की सगळं जहाज खोळंबतं. इथे दूधवालासुद्धा वेळेवर आला. मला फार रडू येतं रे.

३० तारखेला मी फाटकाशी येईन, एकटीच. तू आता घाई करू नकोस. प्रत्येक न्हाणीघर उघडून बघ आणि मग ये.

तुझी,
ताई