वॉम्बॅटच्या आत कोण होतं

सोमवार, ४ ऑगस्ट. सकाळी ७.१०
डग गेला. रेडिओवर ऐकलं. आधी बसचा संप, मग कुठल्याशा खासदाराचा राजीनामा, मग डग. तिसरा नंबर! अ‍ॅडलेडच्या दोन पिढ्यांना ज्याने रोज सकाळी टीव्हीसमोर बसवून दूध प्यायला लावलं, त्या अंकल डगचा तिसरा नंबर. त्याच्यानंतर लगेच हवामान.

सकाळी ९.३०
फोनजवळच बसलोय. पत्रकार फोन करणारच. ‘अंकल डग आणि बर्नी’मधला बर्नी, तो गुबगुबीत, बिळात राहणारा वॉम्बॅट, म्हणजे मी. चौदा वर्षं त्या अकरा किलोच्या केसाळ सोंगाच्या कातड्यात उभा होतो. करारात दोन अटी होत्या. आत कोण आहे ते पोरांना कळू द्यायचं नाही, आणि बर्नीने तोंडातून शब्द काढायचा नाही. दोन्ही पाळल्या. तेव्हा आता बोलायचा पहिला मान माझा, हे कुणीही कबूल करेल.

दुपारी ४
फोन बिघडलाय का पाहिलं. शेजारच्या वूलाला एक रिंग द्यायला लावली. वाजला. ती म्हणाली, तुझा मित्र गेलाय, एकटा बसू नकोस, जेवायला ये, शेंगांचं सूप केलंय. म्हटलं आज नको, आज बरेच फोन यायचेत.

मंगळवार, ५ ऑगस्ट
पेपरात अर्धं पान. मृत्युलेखांत माझा हात कुणी धरू शकणार नाही, रोज सकाळी आधी तेच पान उघडतो. हवामान सांगणारा रॉन पेडलर जूनमध्ये गेला, त्याला पाव पान. ती पोहणारी गेली, तिला पाऊण, पण तिच्याकडे पदकं होती. डगला अर्धं. चालेल. त्यात बर्नीचं नाव सात वेळा. माझं एकदाही नाही. शेवटी लिहिलंय की बर्नीच्या आत कोण होतं हे गोड कोडं डग आपल्याबरोबर घेऊन गेले.
गोड कोडं कसलं डोंबलाचं! मर्व्हिन हॉबडे, फोनबुकात पत्त्यासकट नाव आहे.
संपादकांना पत्र लिहिलं. सभ्य भाषेत. चार पानं.

बुधवार, ६ ऑगस्ट
हल्ली कुणी मोठं माणूस गेलं की लोक घराबाहेर काहीतरी ठेवतात. क्रिकेटवाला गेला की बॅट, गाणारी गेली की तिची तबकडी. डगसाठी गाजर. कार्यक्रम संपताना तो रोज बर्नीला एक गाजर द्यायचा ना. आमच्या गल्लीत आज नऊ टपालपेट्यांवर गाजरं होती. वूलाने तीन ठेवलीत.
विचार केला तर ही गाजरं खरं म्हणजे बर्नीची, म्हणजे माझी. लोकांना स्वतःलाही कळत नसेल, पण त्यांच्या मनात मी आहे.
वूलाने विचारलं, तू का नाही ठेवलंस? म्हटलं, स्वतःच्या नैवेद्यात स्वतःच कसं वाढायचं?

गुरुवार, ७ ऑगस्ट
पत्र छापलं नाही. त्याऐवजी एका निवृत्त इंजिनिअरचं पत्र आहे. म्हणतो, बर्नीच्या आत माणूस नव्हताच, रिमोटवर चालणारं यंत्र होतं, त्याने स्वतः वायरी पाहिल्या होत्या. त्या वायरी माझ्या पंख्याच्या होत्या. जानेवारीच्या उन्हाळ्यात आत बेचाळीस डिग्री व्हायचं.
रात्री झाडावरचा पॉसम उतरून गल्लीतली निम्मी गाजरं खाऊन गेला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. दुपारी १२
आला फोन! चॅनलमधून टीगन नावाची मुलगी. बावीसला टाउन हॉलमध्ये स्मृतिसभा, टीव्हीवर थेट. ती म्हणाली, बर्नीने यावं अशी घरच्यांची इच्छा आहे. बघा! घरच्यांची. म्हणजे जॉयसची. डगची बायको मला विसरलेली नाही.
भाषण किती मिनिटांचं ते टीगनने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कातडं अजून आहे का असं मात्र दोनदा विचारलं. शेडमध्ये आहे म्हटलं. स्टेजच्या बाजूला काचेत ठेवणार असतील.

संध्याकाळी ७
पर्थला लिनला फोन केला. सांगितलं की तुझा बाबा बोलणार आहे, बारा मिनिटं. खूश झाली. मग म्हणाली, तुला परत त्या कातड्यात तर नाही ना घालणार ते? मी साफ सांगितलं, म्हणाले तर तोंडावर नाही म्हणेन. चौदा वर्षं पुरे झाली. आता मर्व्हिन हॉबडे स्वतःच्या तोंडाने बोलेल, नाहीतर घरी बसेल. लिन म्हणाली, शाबास बाबा.

रविवार, १० ऑगस्ट
भाषण तयारच आहे म्हणा. डगवरचा लेख मी सात वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय, तो पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा. मोठी वर्तमानपत्रं असंच करतात. आज वाचून पाहिला. उत्तम आहे. ‘मी’ जरा जास्त वेळा आलाय, एकेचाळीस वेळा. बसून कमी केले. अडतीस.
डगचा वृद्धाश्रम इथून गाडीने वीस मिनिटांवर होता. मी गेलो नाही. बोलावलं की जाऊ, असं ठरवलं होतं. मग बोलावणं नाही आलं तरी जाऊ असं ठरवलं. ती तारीख सापडली या वहीत, २ जानेवारी. गेल्या वर्षीच्या वहीतही २ जानेवारीच आहे.
ख्रिसमसला त्याचं कार्ड यायचं, ‘मर्व्ह आणि पॅट’ अशा नावाने. पॅट मला सोडून गेली त्याला सत्तावीस वर्षं झाली. पण कार्ड यायचं. मित्र असल्याशिवाय कोण पाठवतं?
आज रडलो. थोडाच वेळ.

बुधवार, १३ ऑगस्ट
टीगनचा फोन. बोलणारे तीनच: मंत्री, जॉयस, आणि अनाथालयाची एक बाई. बर्नीने शेवटी यायचं, डगच्या रिकाम्या खुर्चीवर गाजर ठेवायचं, जायचं. बोलायचं नाही. बर्नी कधी बोलत नसे ना, असं ती मलाच समजावत होती. पोरगी जन्मली नव्हती तेव्हा.
फार प्रेमाने म्हणाली, तुम्हाला दगदग होणार असेल तर जाहिरात विभागात बरोब्बर त्या मापाची एक मुलगी आहे, फक्त कातडं पाठवा.
विचार करतो म्हटलं. चार सेकंद केला. मान राखायला तेवढे लागतातच. मग हो म्हटलं.
लिनला एवढ्यात काही कळवत नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट
कातडं बाहेर काढलं. डोक्यात उंदरांचा संसार. वास असा की वूलाने कुंपणापलीकडून विचारलं, काय मेलंय? पाठीची चेन कमरेच्या वर येईना. कातडं आकसलंय. उद्यापासून बियर बंद, बेकरीतले मीट-पाय बंद, रोज समुद्रावर चाळीस मिनिटं चालणं.

शनिवार, १६ ऑगस्ट
पाऊस. चालणं उद्यापासून. घरात एक मीट-पाय होता, फुकट जाऊ नये म्हणून खाल्ला.

सोमवार, १८ ऑगस्ट
उपाय सापडला! एकदम सोपा. खुर्चीवर गाजर ठेवायचं, कॅमेऱ्याकडे वळायचं, आणि दोन्ही हातांनी डोकं उचलून काढायचं. बस्स. मग कुणाची हिंमत आहे मला खाली उतरवायची? बारा मिनिटं नाहीत, एकच वाक्य बोलेन: “मी मर्व्हिन हॉबडे, आणि डग माझा मित्र होता.” सगळं शहर बघेल. लिन बघेल. नाही म्हणालो होतो ते खरं, पण हे नाही म्हणण्याच्याही वरचं आहे.
वूलाने पाठीला तपकिरी पडद्याची पट्टी जोडून दिली. सुई दातात धरून म्हणाली, डोकं नको काढूस मर्व्ह, लोकांचं बालपण आहे ते. म्हटलं, ती पोरं आता पन्नाशीची झाली, सोसतील. ती म्हणाली, पन्नाशीच्यांनाच सोसत नाही. शिवणकाम चांगलं आहे बाईचं, बाकी समज बेताची.

बुधवार, २० ऑगस्ट
पेपरात मोठा फोटो, १९७९चा. डग, मी, गाजर. खाली मजकूर: ‘ट्रेव्हर गेल (बर्नी) यांच्यासोबत’.
ट्रेव्हर! माझी कंबर गेली तेव्हा शेवटचे आठ महिने कातड्यात शिरलेला ट्रेव्हर! आठ महिने! २००९ला गेलाही तो, दोन ओळींची छोटी जाहिरात होती, कुणी लेखही लिहिला नाही. संपादकांना दुसरं पत्र. यात सभ्य शब्द कमी आहेत.
असो. परवा सगळ्या गावाला कळेलच.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. सकाळी ६
नाश्ता नको. फक्त चहा. वाक्य चाळीस वेळा म्हटलं. आवाज बरा लागतोय.

रात्री ९
लिहून टाकतो, नाहीतर उद्या वेगळंच आठवेल.
हॉल तुडुंब. विंगेत तासभर उभा होतो, डोक्यावर डोकं. तोंडाच्या जाळीतून दिसतं तेवढं दिसत होतं. मंत्री बोलला, त्याला बर्नीचं नावही नीट घेता आलं नाही. मग जॉयस बोलली, मग ती बाई. मग आमच्या कार्यक्रमाची धून लागली आणि मी निघालो. बाहेर आलो आणि हॉलमधून असा आवाज आला की काय सांगू. मोठाली माणसं, टाय लावलेली, हमसून रडत होती. पुढच्या रांगेतल्या एका टकल्याने मला हात केला, लहान पोरं करतात तसा. चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.
खुर्चीवर गाजर ठेवलं. कॅमेऱ्याकडे वळलो. दोन्ही हात डोक्याला लावले.
तेवढ्यात जॉयस उठून आली. ठरलेलं नव्हतं, टीगन विंगेतून हातवारे करत होती. चौऱ्याऐंशीची बाई, काठी टाकून आली आणि मला मिठी मारली. माझ्या कानाजवळ, म्हणजे बर्नीच्या कानाजवळ, म्हणाली:
“आलास रे ट्रेव्हर. शेवटपर्यंत तुझंच नाव काढायचा तो. म्हणायचा, ट्रेव्हर एकदा आला असता तर बरं झालं असतं.”
माझे हात अजून वरच होते. डोकं काढलं असतं तर तिच्या मिठीत कुणीतरी भलताच म्हातारा निघाला असता. हात खाली घेतले. तिच्या पाठीवर थोपटलं. मान हलवली, वरखाली, तीनदा.
डगची जीभ घसरली असेल. शेवटी शेवटी त्याला नावं आठवत नव्हती म्हणतात. किंवा तिच्या डोक्यात गोंधळ झाला असेल, पेपरातल्या फोटोमुळे. किंवा नसेल झाला. ट्रेव्हर होता तोवर त्याला भेटायला जात असेल. मी नव्हतो जात.

शनिवार, २३ ऑगस्ट
सकाळी गल्लीतून चालून आलो. पेट्या रिकाम्या. लोकांनी गाजरं काढून टाकली. वूलाची तीन तेवढी आहेत, सुकलेली.

संध्याकाळी ६.३०
लिनचा फोन. तिने सगळं पाहिलं म्हणे, नातवंडांनाही दाखवलं. भाषणाचं विचारलं. सांगितलं, ऐनवेळी बोलले कातड्यात शिरा म्हणून, मी तत्त्वाला धरून घरी निघून आलो.
मग म्हणाली, “बाबा, आत तूच होतास ना? त्या बाईने सोडल्यावर नेहमीसारखा गुडघ्यावर हात टेकून उभा राहिलास. मी लगेच पोरांना म्हटलं, ते बघा आजोबा.”
टीव्हीवर पाहून मला आजवर कुणीही ओळखलं नव्हतं. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला दोन आठवड्यांपूर्वी काय सांगितलं होतं, आणि आत्ता अर्ध्या मिनिटापूर्वी काय सांगितलं, ते काय तोंडाने खोटं पाडणार?
“छे,” मी म्हटलं, “ट्रेव्हर होता तो.”
“ट्रेव्हर जाऊन सोळा वर्षं झाली, बाबा.”
“मग ती जाहिरात विभागातली मुलगी असेल.”
बरं, म्हणाली. पोरांना जेवायला वाढायचं होतं, तिने फोन ठेवला.