अर्ज मागे घेण्याचा दिवस

२० सप्टेंबर २००९, औरंगाबाद

तीन तास बैठक! जाहीरनाम्यात 'कष्टकरी' लिहायचं की 'श्रमिक', यावर. शेवटी दोन्ही घातले. आमच्या श्रमजन पक्षाचे राज्य सचिव तात्यासाहेब मधूनमधून डोळे मिटून म्हणत होते, "आपण राज्याला तिसरा पर्याय देतो आहोत." समोर वीसेक माणसं, त्यात चहावालाही धरलेला.

कन्नडच्या जागेचं विचारलं तर म्हणाले, "बाई, निर्णय तळातून यायला हवा." तळ म्हणजे आम्ही. बरं.

२२ सप्टेंबर, कन्नड

आला तळातून निर्णय. नेहमीसारखा चौकात, सगळ्यांदेखत, हात वर करून. रामकिसन! ऊसतोड कामगारांचा माणूस, बोलायला खणखणीत. रेशनसाठी आम्ही तहसीलसमोर बसलो होतो तेव्हा पहिली अटक त्याला झाली. भाजी विकणारी सरूबाई टोपली सोडून ओरडली, "आपला मानूस बसू द्या की तिथं एकडाव!" माझाही हात वर गेला. इतकी वर्षं दुसऱ्यांना मतं देऊन पस्तावलो. आता मतदान यंत्रावर आमचं कुणीतरी असेल.

तात्यासाहेबांचा फोन — "ऐतिहासिक!" यांना सगळंच ऐतिहासिक. यायला मात्र जमलं नाही, रस्ता खराब आहे म्हणे.

२५ सप्टेंबर

अर्ज भरले. तात्यासाहेब फोटोपुरते आले. हार रामकिसनला, भाषण यांचं.

२७ सप्टेंबर, खुलताबाद

माघारीची मुदत संपेपर्यंत आपलाच उमेदवार दडवून ठेवायचा. काय ही लोकशाही! मोठ्या पक्षांची माणसं पिशव्या घेऊन फिरतायत, म्हणून रामकिसनला इथं गयासभाईंच्या घरी आणलंय. गयासभाई आमचे जुने कार्यकर्ते. ते स्वतः कन्नडला तहसीलबाहेर नजर ठेवून आहेत. इथं पहारा माझा आणि त्यांच्या बायकोचा, बिल्किसचा. रामकिसनचा मोबाइल बंद करून माझ्या पर्समध्ये.

तो वैतागलाय. "बाई, मी काय पळून आलेली पोरगी हाय का?"

बिल्किस म्हणाली, "खाना खाओ भाई, और चुप बैठो."

२८ सप्टेंबर

गल्लीत एक अनोळखी गाडी दोनदा फिरली. बिल्किसनं बादलीभर पाणी बरोबर तिच्या काचेवर भिरकावलं. गेली गाडी!

२९ सप्टेंबर, संध्याकाळ

सगळं मुसळ केरात!

सकाळी जीप आली. बिल्किस दार उघडेना. मी खिडकीतून पाहिलं — तात्यासाहेब. आपलाच माणूस! कडी मीच काढली. "रामकिसन, तातडीची बैठक आहे, चल." तोही निघाला. पहारा परक्यांसाठी होता. आपल्या माणसाला कोण अडवणार?

तिनाला माघारीची मुदत संपली आणि गयासभाईंचा फोन. रामकिसननं अर्ज मागे घेतला. तात्यासाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. सत्तेतल्या पक्षाला आमचा पाठिंबा, बदल्यात तात्यासाहेबांना विधान परिषद. आणि रामकिसनला? "पुढच्या वेळी बघू." हा यांचा तिसरा पर्याय! लाज कशी वाटत नाही?

मी रडले. दुःखानं नाही, संतापानं.

गयासभाई फोन ठेवेनात. "बाई, एक बोलू का? यादीत तुमचं नाव हाय ना अजून."

माझं? हो की! रामकिसनचा अर्ज छाननीत बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून माझा डमी अर्ज भरला होता, अपक्ष. तो आज मागे घ्यायचा होता. पण घ्यायला जाणार कोण? मी तर इथं रामकिसनची राखण करत बसलेली! आणि तात्यासाहेबांना आठवलंच नाही. निवृत्त मास्तरीण कुणाच्या खिजगणतीत असते?

म्हणजे आता उमेदवार मी.

३० सप्टेंबर, कन्नड

तात्यासाहेब घरी हजर. पाठिंब्याचं पत्रक छापूनच आणलेलं. "तुम्ही फक्त सही करा." केली नाही. चहासुद्धा विचारला नाही. ते गेले. भीती वाटते आहे. फार.

सरूबाई ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "बाई, आता लोकायला नावं ठिवायचं बंद करा. उद्यापून मतं मागायचीत."