एक पाती की दोन पात्या

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण बरगड्या अजून दुखतात; तूर्त खुर्चीतूनच वाकतो, गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला गेला का? इकडे सगळे सुखरूप (म्हणजे मी सोडून).

तुम्ही मोठ्या मनाने पाठवलेला बॅगपाइप पोचला. डबीत दोन रीड होत्या, एक एका पातीची, एक दोन पात्यांची. "झेपेल ती नळीत बसव," असं तुम्ही लिहिलं होतं. 'झेपेल' हा शब्द मला झोंबला, आणि मी अर्थातच दोन पात्यांची बसवली. पिशवी काखेत दाबून फुंकत राहिलो. बराच वेळ नुसते माझे डोळेच बाहेर येत होते, सूर काही येईना. मग आला, आणि आठवडाभर रोज घुमला. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर बसतात, ते शेवटी एके दिवशी चिमटा घेऊन वर आले. शांत माणूस. म्हणाले, "पेशंट पळाला. दात माझ्याकडेच राहिला." चिमट्यात खरोखर दात होता.

मग मुकाट्याने एका पातीची लावली. हिला दम कमी लागतो, आणि आवाज डब्यात माशी अडकल्यासारखा. सगळी इमारत खूश. आमची ही म्हणाली, "आता कसं, तुम्ही वाजवता तेव्हा कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते." (मी ते कौतुक म्हणून घेतलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणूस मिळेल ते घेतो.)

अशात एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई कठड्याला धरून खाली आल्या. बाईंना अगदीच कमी ऐकू येतं. "आजारी होतात का?" त्यांनी विचारलं. "तुमचा भोंगा बंद झाला म्हणून आले. दार वाजलेलं मला कळत नाही, पण ते कळायचं. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं."

काका, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला ऐकायला जिना उतरून आलं होतं. मी डॉक्टरांचे पाय धरले. ते दुपारी जेवायला घरी जातात, तेवढ्या वेळात गच्चीवर दोन पात्यांची वाजवायची, असं ठरलं. पहिल्या दिवशी मी जीव ओतून वाजवलं. बाई मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसल्या. म्हणाल्या, "छान. गाणं कुठलं होतं?" मी त्यांच्या कानाशी ओरडून म्हटलं, गाणं नव्हतं, सूर जुळवत होतो. "मग सावकाश जुळवा," त्या म्हणाल्या, "मला घाई नाही."

तुमचा आज्ञाधारक (झेपेल तेवढाच)
पुतण्या

ता. क. दोन पात्यांची रीड काल मधोमध चिरली. मिळेल त्या टपालाने दुसरी पाठवा. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो.

ता. ता. क. बाईंच्या लेकीने त्यांना कानाचं यंत्र आणून दिलंय. आता त्यांना दार ऐकू येतं, पाखरं ऐकू येतात. मी गच्चीवर गेलो की त्या यंत्र काढून डबीत ठेवतात आणि म्हणतात, "हं, करा सुरू." हा मान समजावा की काय, ते मला उमगत नाही. हिला उमगलंय, पण ती तोंडाला पदर लावून आत जाते.