यादीतून गाळलेलं नाव

शिरूर,
१२ फेब्रुवारी १९७८

प्रिय मच्छिंद्र,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, यात क्लबच्या मीटिंगचं बोलावणं नाही. गेल्या वर्षभरात तशी सात बोलावणी मी चिटणीस म्हणून सही करून पाठवली आणि तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. बरोबरच केलंस.

आपला सेवा क्लब चालू आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकांवर आम्ही अजून अंग चोरून बसतो. तेलाच्या दुकानवाले पोपटराव अजून प्रत्येक ठरावाला आधी विरोध करतात आणि मग त्याच कामात सगळ्यांपेक्षा जास्त राबतात. दिवाळीनंतर पाटसला डोळ्यांचं शिबिर घेतलं. मोतीबिंदू काढलेली एकसष्ट म्हातारी माणसं आठ दिवस सांभाळायची म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. पोपटराव स्वतः एकेकाला हाताला धरून परसाकडे नेऊन आणत होते. वढूकडच्या एका आजीची पट्टी सोडली, तर ती कितीतरी वेळ आपलेच हात उलटेपालटे करून बघत बसली आणि म्हणाली, "एवढी म्हातारी मी कवा झाले गं बया?" सगळे हसले. तू असतास तर तिची हुबेहूब नक्कल केली असतीस.

रक्त देणाऱ्यांची यादी आता एकशे बारा नावांवर गेली. तिच्याबद्दल कुणी विचारलं की मी 'क्लबचा उपक्रम' म्हणतो, पण ती तुझ्या डोक्यातून निघाली. वेळ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा गट तपासून नावं आधीच लिहून ठेवू, एक प्रत दवाखान्यात, एक पोस्टात फोनशेजारी आणि एक एस.टी.च्या कंट्रोलरकडे, हे तूच सुचवलंस. लोक मात्र घाबरत होते. रक्त दिलं की माणूस खंगतो म्हणत. मग बाजारच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात खाट टाकून तू सगळ्यांसमोर बाटलीभर रक्त दिलंस आणि उठल्या उठल्या कुणाच्या तरी गाडीतलं बाजरीचं पोतं पाठीवर घेऊन दाखवलंस. डॉक्टर तुझ्यावर किती ओरडले! पण त्या दिवशी एकोणीस जणांनी नावं दिली.

अंजनाच्या बाळंतपणात ती यादी माझ्याच घरच्या कामाला येईल, असं कधी वाटलं नव्हतं. मुलगी झाली आणि रक्त थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह. यादीत त्या गटाचे दोघेच, त्यातल्या एकाला कावीळ झालेली, दुसरा तू. मी पोस्टातून दौंड स्टेशनला निरोप दिला, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मालधक्क्यावरचं काम सहकाऱ्याच्या हवाली करून तू निघालास. न्हावऱ्याच्या अलीकडे एस.टी. बंद पडली, तर उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आलास. दुपारी दीडला दवाखान्याच्या पायरीवर धुळीनं पांढरा झालेला तू उभा होतास. तसाच बाही वर करत आत गेलास. चार वाजता डॉक्टर म्हणाले, "वाचल्या."

तू परत गेल्यावर आईनं विचारलं, "रगत कुणी दिलं?" मी म्हणालो, "पुण्याहून बाटली आणली."

ते का म्हणालो, हे तुला ठाऊक आहे. आपण दौंडच्या शाळेत एका बाकावर बसायचो, सुट्टीत तू खुटबावहून आमच्या घरी यायचास, पण चहा तुला ओट्यावर मिळायचा, वेगळ्या पेल्यात. तो पेला बाहेरच्या देवळीत पालथा असायचा. आपण दोघं त्याविषयी कधीच बोललो नाही. तू का बोलला नाहीस ते मला कळतं. मी का बोललो नाही, त्याला आईचं निमित्त करून ठेवलं होतं. आम्ही मेंढरांमागं हिंडलेली माणसं, आई जुन्या वळणाची, तिला कशाला दुखवायचं, असं मी स्वतःला समजावत आलो.

मग गेल्या मार्चातला मेळावा. वर्षभरात रक्त दिलेल्यांची नावं मी वाचत होतो. आई पहिल्या रांगेत, मांडीवर नात घेऊन. कागदावर सव्वीस नावं होती. तुझ्या नावावर नजर आली आणि जीभ पुढच्या नावावर गेली. नजरचूक नव्हती ती, मच्छिंद्र. तू मागं दाराशी उभा होतास. शेवटच्या नावापर्यंत तू टाळ्या वाजवल्यास आणि चहाला न थांबता गेलास. नंतर इतिवृत्तातही मी पंचवीसच नावं लिहिली.

एवढं होऊनही डिसेंबरात पाटसला एका ऊसतोडणीच्या बाईसाठी निरोप गेला, तेव्हा तू गेलास. डॉक्टरांनी सांगितलं, आला, दिलं, निघून गेला. ते ऐकून मी दोन दिवस वर्गात धड शिकवू शकलो नाही. तरी लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात जेवताना आईनं एकाएकी विचारलं, "मच्छिंद्र येत न्हाई आता?" मी काहीतरी पुटपुटलो. तर म्हणाली, "तवा दवाखान्यात मी दारातनं बघितलं व्हतं त्याला. खाटंवर पडला व्हता, हाताला नळी. मला समदं ठावं हाय." ती पुढं म्हणाली, "त्या दिशी मनाला लागलं माझ्या, खोटं कशाला बोलू? दोन दिस अन्न ग्वाड लागलं न्हाई. पर सून उठून बसली, पोरीला पाजाया लागली, आन् मग माझी मलाच लाज वाटली. मेळाव्यात मी त्याचंच नाव ऐकाया बसले व्हते. तू का खाल्लंस त्याचं नाव?" मच्छिंद्र, मी तिच्या आड लपलो होतो आणि ती तिथून केव्हाच उठून गेली होती.

गेल्या रविवारी मीटिंगमध्ये उभा राहून मी हे सगळं सांगितलं. पोपटराव म्हणाले, "आता कशाला उकरताय, मास्तर?" डॉक्टर म्हणाले, "उकरू द्या." इतिवृत्तात दुरुस्ती लिहिली, तुझं नाव मोठ्यानं वाचलं आणि चिटणीसपद सोडलं. कुणी थांब म्हणालं नाही. तेही ठीकच झालं. माफी मागतो, पण ती मिळावी असा हट्ट नाही.

हे पत्र मात्र मी आईच्या सांगण्यावरून लिहितोय. ती समोर बसून आहे. तुला आमच्याकडं जेवायला बोलवू का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "त्यानं का यावं? आपुन जायचं. त्याच्या घरी, त्याच्या बायकोच्या हातचं जेवायचं, ती वाढंल तर." अंजना आणि मुलगीही येणार म्हणतात. आम्ही यावं का, एवढंच कळव. येऊ नका म्हणायचं असेल तर तसं लिही. आईला वाचता येत नाही. तुझं उत्तर मी तिला वाचून दाखवीन, एकही शब्द न गाळता.

तुझाच,
सोपान