न बोलणाऱ्याची खुर्ची

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
२ नोव्हेंबर २००८

तीर्थरूप बाबांना नीलिमाचा साष्टांग नमस्कार.

भातकापणी आटोपली असेल. इथे आम्ही बऱ्या आहोत. दिवाळीत कंदील मीच लावला, तो वाकडा लागलाय. आई रोज त्याच्याकडे मान वाकडी करून बघते.

बिल्डिंग पाडून नवी बांधायची बोलणी पुन्हा सुरू झालीत आणि सोसायटीने मला पुढे केलंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या जागी मुलीला बसवलं म्हणून तुम्ही गावी जाऊन रुसलात, हेही मला कळतं. रुसा खुशाल, पण आधी ऐका.

बिल्डरचं तेच पालुपद: "पहले घर खाली करो, ॲग्रीमेंट बाद में." आमचं ठरलंय, करार नोंदवल्याशिवाय एकही घर रिकामं होणार नाही. बोलणार फक्त मी. दुसऱ्या मजल्यावरचा ॲलन कागद वाचणार, त्याने मान हलवल्याशिवाय मी हो म्हणत नाही. शेजारच्या मंदाकाकींना गप्प बसवणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही, म्हणून त्यांना कामच दिलंय. बिल्डर गोड बोलायला लागला की त्या मध्येच विचारतात, "वो सब ठीक हाय, पर कागद किधर हाय?" गेल्या रविवारी त्याला घाम फुटला. मला काय मजा आली म्हणून सांगू!

हे मी आशाताईच्या लग्नाच्या बैठकीत शिकले. मामा बोलत होते, तुम्ही नुसते बसला होतात. मुलाकडचे मानपान वाढवायला लागले तशी तुम्ही टोपी घातलीत, उठलात, आणि आपली सगळी माणसं उठली. चहा यायच्या आत त्यांनी हट्ट सोडला.

मागच्या वेळच्या बोलण्यांत बिल्डरसमोरही तुम्ही तसेच उठला होतात. तुमच्यामागे कुणीच उठलं नाही. लोक म्हणाले, दत्ताराम तापट, त्याने बोलणी मोडली. मला ते फार लागलं, बाबा. राग तुमचा बरोबरच होता, पण तुम्ही कुणाला काही सांगून ठेवलं नव्हतंत.

येत्या रविवारी शेवटची बैठक आहे. माझ्या शेजारची खुर्ची तुमची. अट एकच, तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याने पुन्हा "बाद में" म्हटलं की टोपी घाला आणि उठा. सगळ्यांना सांगून ठेवलंय. मागे वळून बघू नका.

येताना आईसाठी कोकमं आणा. कंदीलही सरळ करायचाय.

तुमच्यामागे पहिली उठणारी,
नीलिमा