उपाशी वाकळ

माय, तुझी वाकळ गेल्या सोमवारी उसवली. मी नको म्हणत होतो. सूनबाई म्हणाली, "कावून नको, आबा? उंदरानं कुरतडलीय, कडा गेल्यात. अजून दोन उन्हाळे ट्रंकेत ठिवली तर हातात नुसत्या चिंध्या येतील." उत्तर माझ्याकडं होतं, पण सुनेपुढं सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून तुला लिहितो. तू अंगठा उठवणारी बाई, तुला अक्षर कळत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता इतकी वर्षं झाली की वयानं मीच तुझ्यापेक्षा मोठा झालोय. पण शाळेत असल्यापासून मला सगळं कागदाला सांगायची खोड, ती तुला ठाऊकच आहे.

सूनबाईच्या बचत गटाचं आता हेच काम चालतं. शहरातली माणसं आपल्या म्हाताऱ्यांची लुगडी-धोतरं गठुडं बांधून पाठवतात, आणि या बायका त्यातून लहान लहान गोधड्या शिवून देतात. कोणी पाळण्यात टाकतं, कोणी भिंतीवर लावतं. 'आठवणीची गोधडी' म्हणतात तिला. तुला हसू आलं असतं. वाकळ भिंतीवर! या वेळी मात्र घरचीच ट्रंक उघडली, कारण नात नर्सिंग शिकायला पुण्याला निघालीय. तुझी दोन इरकली लुगडी, दादांचा पटका, एक खणाची चोळी आणि ती जुनी वाकळ, एवढ्यातून तिच्यासोबत न्यायला एक नवी शिवायची ठरली. कात्री चालू झाली तेव्हा मी खिडकीजवळच्या खुर्चीत होतो. मी आयुष्यभर खिडकीजवळच बसलेला माणूस. गावच्या शेतकी सोसायटीत पस्तीस वर्षं गजाची खिडकी होती. या बाजूला मी, खताच्या आणि बियाण्याच्या पावत्या फाडणारा, आणि गजांपलीकडं तेलगावच्या रस्त्यानं धुरळा उडवत जाणारी एसटी. तिच्यात कोण बसलंय हे मी रोज बघायचो.

बहात्तरचा तो दुष्काळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. विहिरीच्या तळाशी ओल नाही. दादा जाऊन, तुझं कुंकू पुसून तीन वर्षं झालेली, तू रोज तलावाच्या कामावर खडी फोडायला जातेस, घरी येतेस ती पापण्यांवर पांढरी धूळ घेऊन. आपण मिलोच्या, म्हणजे त्या सरकारी परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी खातो, घशाखाली उतरत नाहीत अशा. कोपऱ्यात मात्र बियाण्याच्या ज्वारीचं गाडगं आहे, राखेत घोळलेली ज्वारी, तोंडाला शेणामातीनं लिंपलेलं. त्याला हात लावायचा नाही. शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, "पोराला घाल की त्यातलं दोन मुठी," तर तू म्हणालीस, "पोराला आज घालू आन उद्या रानाला काय घालू, माती?"

आणि अशा त्या उन्हाळ्यात माझं औरंगाबादच्या कॉलेजात नाव लागलं. मराठीच्या गुरुजींनी खटपट करून हॉस्टेलची सोय लावली होती. मी हवेत. मला वाटायचं, तिथं झाडाखाली बसून लोक कवितेतच बोलत असतील. तू जुन्या कपड्यांचं गठुडं सोडलंस आणि वाकळ शिवायला घेतलीस. खडी फोडून आलेल्या त्याच बोटांनी. मी जवळ बसून ऐकायचो, कारण तुझ्या शिवण्याला चाल होती. सुई खाली जायची तो लघू, दोरा ओढला जायचा तो गुरू, टाका बसायचा तो आणखी एक गुरू. शाळेत घोकलेलं भुजंगप्रयात माझी अडाणी माय धोतरावर लिहीत होती.

कडेपासून शिवत शिवत तू मधे आलीस. तळहाताएवढा चौक उघडा ठेवलास आणि भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिलास. "ज्यानं पांघरायची त्यानंच ठिवायचा. लई आत सार. वाकळ उपाशी ठिवू न्हाई, उपाशी वाकळ माणसाला सोडत न्हाई." आणि रीतीप्रमाणं तू तोंड फिरवलंस. मी हात आत घातला. रिकामा. तुकडा माझ्या तोंडात होता.

"ठिवला का?"

"ठिवला."

तू चौक शिवून घेतलास, त्यावरनं एकदा तळहात फिरवलास, मग पुन्हा एकदा.

मी गेलो नाही. वाकळ पंधरा दिवस वळकटी होऊन दाराशी पडून राहिली. सोसायटीच्या चेअरमननं मला बोलावलंच होतं, "काय बे कवी, गाणी म्हणून पोट भरतं का? दुष्काळाचं काम वाढलंय, लिहिणारा माणूस पायजे, बस इथं." मी बसलो. एका संध्याकाळी तू वळकटी सोडून माझ्या बाजेवर अंथरलीस आणि विचारलंस, "कावून गेला न्हाईस?"

"तू एकटी हायस."

"मी काय तुला दाव्यानं बांधलंय का रं?" एवढंच. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस.

लोकांना मी तेच सांगत आलो, माय एकटी होती. लोक मान डोलवायचे, श्रावणबाळ म्हणायचे. आणि मनाला सांगायचो ते निराळं. भूक होती, पोरानं तुकडा खाल्ला, वाकळ उपाशी राहिली आणि तिनं मला धरून ठेवलं. एसटी गेली की खिडकीतून आत वळायचो आणि म्हणायचो, काय करणार, सोडत नाही. बायको आली, मुलगा झाला, तू गेलीस, मी त्याच बाजेवर. माणूस अडकतो तेव्हा त्याला दावं दिसायला पाहिजे असतं. माझ्याकडं ते होतं.

सोमवारी सूनबाई म्हणाली, "आबा, हे बघा. सगळ्या वाकळंला पांढरा दोरा, आन ह्या मधल्या चौकाला काळा. कुणीतरी उसवून परत शिवलंय."

आतून चिंधीची गाठ निघाली, बोराएवढी. सोडली तर करडी राख, आणि किड्यानं पोखरलेले सात-आठ दाणे, नुसती टरफलं. सूनबाई झटकायला निघाली होती, मी हात धरला. राखेतली ज्वारी आपल्या घरात एकाच गाडग्यात होती. आणि पाऊस पडल्यावर तू ते गाडगं रानात पार रिकामं केलंस. म्हणजे गाठ त्याच्याआधी आत गेली. त्या पंधरा दिवसांत. वाकळ दाराशी होती तेव्हाच, नंतर तर ती रोज माझ्या अंगाखाली.

तुला कळलं होतं, माय. तू लिंपण फोडलंस, जे पोराच्या पोटालाही दिलं नव्हतंस ते त्या वाकळेला घातलंस, म्हणजे तिनं मला सोडावं. माझी वाकळ कधी उपाशी नव्हतीच.

आज दुपारी नातीची वाकळ मधल्या चौकापर्यंत आली. गटाच्या बायकांनी कामं थांबवली. नात म्हणाली, "माझ्याबदली तुमीच ठिवा की आबा. तुमच्या मायचीच रीत ना ही?" भाकरीचा तुकडा माझ्या हातात आला आणि मूठ मिटली ती उघडेना. ही गेल्यावर या घरात मी कविता म्हणून दाखवायची कोणाला? एक क्षण वाटलं, नुसता हात आत घालावा. सगळ्याजणी तोंड फिरवून बसल्या होत्या.

"ठिवताय का खाताय, आबा?" नात तोंड न वळवता म्हणाली, आणि बायका खो खो हसल्या.

ठेवला. तुझी टरफलंही त्यासोबत आत सारली. सूनबाईनं चौक शिवला.

हा कागद कुठं धाडायचा नाही, तरी एक लिहायचं राहिलंय. ज्या दिवशी तू मला तुकडा दिलास, त्या दुपारी मी चेअरमनच्या ओसरीवर जेवून आलो होतो. ज्वारीच्या दोन भाकरी, वरण, वर कांदा. सोसायटीत बसतो म्हणून त्याला शब्दही देऊन आलो होतो. औरंगाबादची मला भीती वाटत होती. तू म्हणालीस उपाशी वाकळ सोडत नाही, म्हणून तर मी तुकडा खाल्ला.

भूक नव्हती, माय.