ताजूला, एका शब्दाबद्दल

चाकण, ता. ९ डिसेंबर १९५६

ताजूबी हिस थोरल्या बहिणीचा सलाम.

इथं आमी सगळी खुशाल. तुमीबी कराचीत खुशालच असाल, न्हाईतर कुणीतरी कळवलं असतं. कांदा निघालाय, भाव न्हाई. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना झालाय, गावची पोरं सकाळी उठून तिकडं सायकली हाणतात. माझे गुडघे गेले. जीभ हाय तशीच हाय, काळजी नसावी.

हे लिहायला तिसऱ्यांदा बसले. एकदा दूध उतू गेलं म्हणून उठले, एकदा ते उतू न जाताच.

मी आता कुराणाचे मायने शिकते. हस तू. लहानपणी भिकनबी उस्तानीपुढं आपुन दोघी डोलत पढलो, चुकलं की कानाला पीळ. पण अर्थ तिनं कधी सांगितला न्हाई. तिलाबी कुठं ठावा होता? जन्मभर ओळीवरनं बोट फिरवलं. गावात कुणी मेलं की पढायला मलाच बोलावणं. मयताला काय कळत असंल ते असो, मला कळत नव्हतं.

हे सुरू झालं कासारणीपायी. ईदेला गोजाबाई आली, ओसरीवर बांगड्यांची टोपली सोडली. माझ्या नातीनं, ताहेरानं, हात पुढं केला नि मागं घेतला.

"नानी, भरू का नको? मी सवाष्ण हाय का बेवा?"

गोजाबाई टोपलीतच बघत बसली. मी म्हणाले, "भर गं, काचेला काय कळतंय!" पण तिचा सवाल घेऊन मी तशीच उठले.

मशिदीतल्या हाफिजजींना गाठलं. त्यांच्याकडं उर्दू तर्जुम्याचं कुराण हाय. म्हणाले, "अम्मा, या वयात मायने कशाला? पढा, सवाब मिळतो."

"सवाब पुष्कळ साठलाय. आता अक्कल द्या."

तवापासनं मी ओट्यावर बसते. ते शब्द फोडून सांगतात, मी मराठीत परत म्हणून दाखवते. रब म्हणजे पाळणारा. सब्र म्हणजे नुसतं गप बसणं न्हाई, पाय रोवून उभं राहणं. हे आधी कळतं तर मी बऱ्याच जणांपुढं बसले नसते.

परवा चौथी सूरा आली, बायकांची. "फतजरूहा कल्-मुअल्लका." तुला पाठ हाय. हाफिजजी खाकरले नि भराभरा पुढं निघाले. मी बोट उचललं न्हाई.

"ह्याचं काय?"

"लटकती, अम्मा. दोन बायका असल्या तर पुरुषानं एकीकडंच सगळं झुकून दुसरीला लटकती ठेवू नये. ना नांदती, ना मोकळी."

आपल्या आडात बादली अर्ध्यावर अडकायची, आठवतं? वर येईना, पाण्याला लागंना. आपुन वाकून वाकून बघायचो. तशी.

हे मी किती वेळा पढले असंन, ताजू. तूबी.

आता ऐक. कागद झाले की बायकोला, आपल्या ताहेराला, बोलावून घेतो म्हणून तुझा नातू नवाब गेला, त्याला सहा वर्षं झाली. तू लिहितेस, पासपोर्टाची अडचण हाय, सब्र करा. उन्हाळ्यात युनूस मिस्त्रीचा मामा तुमच्याकडनं आला. नवाबच्या दुसऱ्या निकाहाचं जेवण जेवलाय तो. मुलगा झालाय म्हणे. तुझ्याच मांडीवर बघितला त्यानं.

तूच कळवशील म्हणून मी वाट बघत राहिले. ताहेराला अजून बोलले न्हाई. हे पत्र पेटीत पडलं की सांगणार, म्हंजी मला माघार न्हाई.

कारखान्यात बाटल्या भरायला बायका घेतात, तिला जायचंय. पुढं लगीन करंल न करंल, तिचं ती बघंल. आधी मोकळी पायजे. नवाबनं तलाक लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन पाठवावा. खेडचे सोपानराव वकील म्हणतात, दोन वर्षं खायला न घालणाऱ्या नवऱ्यापासनं बाई कोर्टातनं सुटते. मी पुण्याला कोर्टात उभी राहीन. पण तिथं तुझं नाव घ्यावं लागंल, ते मला नको.

नवाब चाकणच्याच शाळेत शिकलाय, बालबोध वाचता येतं त्याला. पत्र त्याच्या हातात दे. आणि पहाटे फजरला पढताना त्या शब्दावर आलीस की बोट उचलू नको.

विहिणीचा सलाम लिहीत न्हाई. ते नातं आता सोड. बहिणीचं ठेव, जमलं तर.

जैतून